घंटेपाशी तुटलेलं वाक्य

दादाच्या नातवाला पहिला दात आला आणि त्याच आठवड्यात दादाचा शेवटचा दात पडला, त्या वर्षी छापखान्यात धाकटीच्या टेबलावर तीन रकान्यांचं पुस्तक आलं. पन्नाशीला टेकली तरी घरात ती धाकटीच होती. "चला, घरातल्या दातांचा मेळ बसला," असं ताई दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाली होती. मग स्वतःच्याच बोलण्याला हसता हसता तिला अशी धाप लागली की परिचारिकेला धावत येऊन उशी उंच करावी लागली. तेव्हापासून धाकटी ताईला हसवायलाही भीत असे.

छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. आई गेली तेव्हा सुटलेली शाळा सुटलीच, आणि अक्षरओळख झाली ती विशीत, संध्याकाळच्या वर्गात. त्यामुळे शब्दांवरून नुसती नजर फिरवत जाणं तिला कधी जमलं नाही. अजूनही ती अक्षराला बोट लावून पुढं सरकायची, आणि या धंद्यात ते खपून जायचं. नवं पुस्तक होतं बायबलातल्या पहिल्या तीन शुभवर्तमानांचं, म्हणजे येशूच्या चरित्रांचं. एकच प्रसंग तिघांनी कसा सांगितलाय ते शेजारी शेजारी दिसावं म्हणून पानाचे तीन रकाने केले होते. तिघांत जे शब्द सारखे त्यांच्याखाली तांबडी रेघ, दोघांतच सारखे त्यांच्याखाली निळी, आणि जे एकट्याचंच ते कोरं. रेघा मारल्या होत्या संपादक पाद्रीबुवांनी. त्या चुकल्या नाहीत ना, एवढंच धाकटीनं बघायचं होतं. या गोष्टी तिला पाठ होत्या, पण कानानं. लहानपणी मावशी त्या तोंडी सांगायची. तिन्ही पुस्तकांची ती अशी मोट बांधायची की सांधा कुठं आहे हे कळू नये. एकच गोष्ट, एकच आवाज. इथं कागदावर ती फाटून तिचे तीन तुकडे झाले होते, आणि ते बघताना धाकटीला पहिल्या दिवसापासून कसंतरीच होत होतं, भिंतीवरचा ओळखीचा फोटो कुणीतरी कापून मांडावा तसं.

त्या सकाळी लुळ्या माणसाची गोष्ट लागली होती. लोक त्याला बाजेवर घालून आणतात, आणि त्याच्या पापांची क्षमा झाली असं ऐकल्यावर जाणते लोक कुरकुरतात. मग येशू त्या कुरकुरणाऱ्यांना म्हणू लागतो की मला हा अधिकार आहे हे तुम्हाला कळावं म्हणून... आणि तिथंच वाक्य तुटतं. सांगणारा मध्ये तोंड घालतो, "असं म्हणून तो त्या लुळ्याकडे वळला," आणि पुढं ऊठ म्हणतो. पहिल्या रकान्यात वाक्य तिथं तुटलं होतं. दुसऱ्यातही तिथंच, तिसऱ्यातही तिथंच. तिन्हीकडं तांबडी रेघ. धाकटीला वाटलं खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची चूक असेल. ती कागद घेऊन पाद्रीबुवांकडं गेली.

"चूक नाही बाई," पाद्रीबुवा म्हणाले. त्यांच्या कानांतून डोक्यापेक्षा जास्त केस डोकावत. "तीन माणसांना एकच प्रसंग दिसू शकतो. पण तीन माणसांना एकाच शब्दावर ठेच लागत नाही. ठेच एकाला लागते. बाकीचे दोघं त्याचं लंगडणं उतरवून घेतात."

"म्हणजे हे तिघं तिथं नव्हते?"

"निदान इथं तरी ते कुणीतरी सांगितलेलं सांगताहेत. त्यात एवढं पांढरं पडायचं काय कारण? चहा मागवू का?"

पांढरं पडायचं कारण पाद्रीबुवांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. ते लंगडणं धाकटीच्या कानांत जन्मभर होतं. आईचे शेवटचे शब्द. मावशी सांगायची तेव्हा ते असे असत: "थोरलीला म्हणावं, मी रागावले नाही..." इतक्यात खाली रस्त्यावर सायकलची घंटा वाजली, "आणि म्हणावं, घरी ये." दादा सांगायचा तेव्हाही असेच. "मी रागावले नाही," मग सायकलची घंटा, मग "घरी ये." आणि ती स्वतः सांगायची तेव्हाही वाक्य तुटायचं ते ‘रागावले नाही’च्या पुढं, जुळायचं ते ‘घरी ये’च्या आधी, मध्ये घंटा. तिघांची तोंडं आणि एकच ठेच. टेबलाशी परत येऊन ती बसली आणि कितीतरी वेळ तांबडी पेन्सिल हातात नुसती धरून राहिली. जुळारी पलीकडून ओरडला, "बाई, पान सोडा की, यंत्र उपाशी बसलंय," तेव्हा तिनं सही केली, पण कशावर केली ते तिला नंतर आठवेना.

त्या वाक्यावर घर उभं होतं. थोरली, म्हणजे ताई, विशीच्या आतच एका माणसाबरोबर निघून गेली होती. आई म्हणाली होती की पुन्हा या दारात पाय ठेवशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. तो माणूस वर्षभरात तिला भाड्याच्या खोलीत टाकून गेला. ताई दुसऱ्या शहरात कपडे शिवून राहिली, पण त्या शब्दांच्या भयानं परतली नाही. मग खरंच मेलेलं तोंड बघायची वेळ आली, आणि मावशीनं निरोप पाठवला: आईनं बोलावलंय, जाता जाता बोलावलंय. ताई आली. ट्रंक दारातच ठेवून तिनं सात वर्षांच्या धाकटीचे केस विंचरायला घेतले, त्यांत गुंता झाला होता म्हणून. ती पुन्हा गेली नाही. शिवणयंत्र खिडकीशी आलं, धाकटी त्या यंत्राच्या आवाजात वाढली. दादाचं लग्न, मावशीचं आजारपण, मावशीचं जाणं, सगळं त्या आवाजात झालं. वर्षातून कधीतरी, काम थांबवून, दोरा दातांनी तोडत ताई म्हणायची, "ए, सांग ना ते. आई काय म्हणाली ते." आणि धाकटी सांगायची, कारण आई गेली तेव्हा खोलीत तीच होती. मावशी स्वयंपाकघरात, दादा कामावर. घरात सगळे म्हणत, डोळ्यांनी बघितलेली अशी ही एकटी.

आता दवाखान्यात ताई रोज विचारायची. भेटीच्या वेळेत, डॉक्टर मान हलवून पुढच्या खाटेकडं गेले की. आणि धाकटीला त्या दुपारपासून दवाखान्याचा जिना चढवेना. प्रत्येक पायरीवर तिला वाटायचं, आता पाय टाकीन आणि खाली काही नसेल. ती ताईजवळ बसायची, मोसंबं सोलायची, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या घोरण्याबद्दल बोलत राहायची आणि ताईनं तोंड उघडलं की घाईघाईनं विचारायची, "पाणी देऊ?" ताई एकदा म्हणाली, "अगं, मी काय उंट आहे का?"

त्याच आठवड्यात पाद्रीबुवांनी तिला आणखी एक जागा दाखवली. त्यांना वाटलं बाईंना गोडी लागली. पाच भाकरींची गोष्ट. तिसऱ्या रकान्यातला लेखक सुरुवातीला सगळ्यांना एका गावाजवळ घेऊन जातो, असं दुसरं कुणी करत नाही. आणि चार ओळींनंतर शिष्य म्हणतात, आपण इथं ओसाड रानात आहोत. "बघा, गाव आणलं खरं, पण ते ध्यानात राहिलं नाही," पाद्रीबुवा म्हणाले. "उतरवून घेणारा माणूस आधी हौसेनं बदल करतो. मग दमतो. दमला की समोर जे आहे तेच लिहायला लागतो. तिथं सापडतो बिचारा." ते खूश होऊन हसले. धाकटी खाली मान घालून उभी राहिली, कारण तिला दादा ऐकू येत होता. दादा नेहमी सुरुवात करायचा, "मी उशाशीच बसलो होतो, आईचा हात माझ्या हातात." आणि शेवटाला यायचा तेव्हा, "मी धावत जिना चढून आलो, बघतो तर मावशी दारात रडत उभी." इतकी वर्षं कुणी त्याला विचारलं नव्हतं की उशाशी बसलेला माणूस जिना कसा चढून आला.

ती सुट्टीच्या दिवशी दादाकडं गेली. नातू त्याच्या मांडीवर बसून त्याच्या तोंडात बोटं घालत होता, दात शोधत असावा. सून आत चहा ठेवत होती.

"दादा, आई गेली तेव्हा घंटा तू ऐकलीस?"

"कसली घंटा?"

"सायकलची."

"ती होय. ऐकली की. खालून गेली ना, टिंग टिंग." मग तो थांबला. त्याच्या बोळक्या तोंडाकडं बघताना तिला एकदम वाटलं की हे विचारायला नको होतं. विचारायचं ते विचारून झालं होतं, पण अजून परत फिरता येईल, बाळाला घेऊन खेळवता येईल. "मी... म्हणजे मी तेव्हा कामावर होतो ना गं," दादा हळू म्हणाला. "मला मावशीनं सांगितलं. पण इतक्यांदा सांगितलंय मी, की आता ऐकूच येते. शपथ. आत्तासुद्धा आली." त्यानं नातवाची बोटं तोंडातून काढली. "आणि मला काय विचारतेस? खोलीत तू होतीस. मावशीसुद्धा म्हणायची, धाकटीला सगळं ठाऊक. काय झालं? घंटा नव्हती का?"

"असेल."

"असेल म्हणजे? हे बघ, ताईपुढं नसतं काही काढू नकोस. तिचं आता किती राहिलंय. नाही त्या वाटेला जाऊ नको." तो रागावला नव्हता, तो घाबरला होता. ते तिला त्याच्या मांडीवरून कळलं. मांडी हलायला लागली होती आणि बाळाला वाटलं आजोबा घोडा घोडा खेळताहेत.

घरी परतताना बस भरलेली होती, पण तिच्याभोवती जागा असल्यासारखं वाटत होतं. खोलीत दादा नव्हता. मावशी नव्हती, ती घंटेची धनीण, पण तीही स्वयंपाकघरात होती. उरली ती एकटी, आणि तिच्यात काय उरलं होतं? ती आठवायला बघायची. खोली, खाट, खिडकी. आई तोंड उघडते आणि बाहेर येतो मावशीचा आवाज. घंटा वाजते तीही मावशीच्या गळ्यातून, "टिरिंग" असं मावशी म्हणायची तसं. मागं, त्याच्या मागं, काहीच नव्हतं. कापड उलटून बघावं आणि पलीकडं वीणच नसावी. मावशी प्रेमळ बाई होती, तिनं रचलं असेल तर प्रेमानं रचलं असेल. पण मग ताईला बोलावलं कुणी? मग ती ट्रंक, तो कंगवा, ते शिवणयंत्र, ही अख्खी हयात कुणाच्या शब्दावर? आणि एका थांब्यावर, लोक चढत असताना, तिला त्याहून वाईट भीती वाटली. आई काहीतरी दुसरंच म्हणाली असेल. आणि ते तिनं ऐकलं असेल.

पुस्तक शेवटाशी आलं. शेवटचं मुद्रित आलं थडग्याचं. पहाटे बायका थडग्यापाशी जातात, धोंडा सरकलेला असतो, आत बसलेला तरुण त्यांना सांगतो की जा आणि निरोप द्या. पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात त्या जातात आणि निरोप देतात. मधल्या रकान्यात त्या थरथरत पळत सुटतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. त्याखाली रकाना कोरा होता. पाद्रीबुवांनी तिथं एक रेघ मारून लिहिलं होतं, पुढचा मजकूर मागाहून जोडलेला, वेगळ्या टायपात घ्यावा.

"इथंच संपतं?" तिनं विचारलं.

"जुन्यात जुन्या प्रतींत इथंच. लोकांना सोसेना, मग कुणीकुणी शेपूट जोडलं." त्यांनी चष्मा पुसला. त्या दिवशी ते विनोद करत नव्हते. "मी तरुण होतो तेव्हा हे वाचून माझी झोप उडाली होती बाई. आता वाटतं, तीच जागा सगळ्यात खरी. भ्यालो आणि काही बोललो नाही, असं स्वतःच्या माणसांबद्दल कोण रचेल? गुळगुळीत असतं ते बहुधा नंतरचं. सांगायला जड जातं ते जुनं."

दुपारी ती दवाखान्यात पोचली तेव्हा ताईच्या नाकात नळी होती आणि खाटेला कठडे लावले होते. ताई उशीत लहान झाली होती. तिनं विचारलं नाही की सांग ना ते. ती छताकडं बघत म्हणाली, "आई कशी शांत गेली ना. निरोपबिरोप देऊन. मला नाही गं जमत. मला लाज वाटते."

"कसली लाज?"

ताईनं मान वळवली. तिचे डोळे मोठे झाले होते. "मला भीती वाटतेय गं," ती म्हणाली. "जाऊ नकोस."

आणि धाकटीच्या आत काहीतरी सरकलं. ते शब्द तिनं ऐकले होते. याच ‘गं’वर हेल देऊन, याच खालच्या आवाजात. खाट होती, पण ती स्वतः उशाशी नव्हती, पायथ्याशी होती, पांघरुणाचं टोक धरून. आणि आईचा पाय पांघरुणातून बाहेर येऊन तिच्या गुडघ्यांवर टेकला होता, गार, जड. "मला भीती वाटतेय गं. जाऊ नकोस." दुसरं काही नाही. रस्त्यावर कुणी नाही, घंटा नाही. मग पाय आणखी जड झाला. मावशी आत आली, ओरडली, तिला हलवत म्हणाली, काय म्हणाली आई, काही म्हणाली का? आणि सात वर्षांची मुलगी काही बोलली नाही. तोंड उघडलं तर ती भीती बाहेर येईल आणि खोलीभर होईल असं तिला वाटलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती कुणाशी काही बोलली नाही. त्या गप्प दिवसांत मावशीनं रिकामी जागा बघितली आणि तिथं एक वाक्य ठेवलं. उगाच ठेवलेलं वाटू नये म्हणून मध्ये एक सायकल घातली.

पण लगेच तिला शंका आली. सकाळी छापखान्यात भ्यालेल्या बायका वाचल्या आणि दुपारी भ्यालेली आई आठवते? आता तीही उतरवूनच घेत होती का? मावशीच्या जागी पुस्तक, पुस्तकाच्या जागी ताई? कोण सांगणार होतं? ती आठवणीला चाचपत राहिली, अक्षराला बोट लावून जावं तशी, आणि तिचं बोट पायावर थांबलं.

"ताई," ती म्हणाली, "आईच्या एकाच पायात मोजा होता."

"काय?"

"गेली तेव्हा. एका पायात लोकरीचा मोजा होता आणि एक पाय उघडा. उघडा माझ्या गुडघ्यांवर होता."

नळीतून हवा सूं सूं करत होती. "उजवा," ताई म्हणाली. "उजवा उघडा असणार. त्या पायाच्या तळव्याची तिला आग व्हायची. मी घरी होते तेव्हा रात्री मीच काढून ठेवायची तो मोजा." तिनं श्वास घेतला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

हे मावशीच्या गोष्टीत नव्हतं, दादाच्या नव्हतं, तिच्या स्वतःच्याही कधी नव्हतं. कुणाच्या उपयोगाचं नव्हतं ते. एकीनं तो पाय उघडा बघितला होता, दुसरीला तो का उघडा ते ठाऊक होतं, आणि दोघी त्यावर कधी बोलल्या नव्हत्या. धाकटीनं कठडा धरला. मग तिनं सांगितलं. आई निरोप म्हणाली नाही. रागावले नाही म्हणाली नाही, रागावले असंही म्हणाली नाही. मला भीती वाटतेय गं, जाऊ नकोस, एवढंच म्हणाली. सांगताना तिला वाटत होतं की आता ताईचा चेहरा मिटेल आणि तो मिटलेला चेहराच आपल्याला पुढं बघत राहावा लागेल.

"घाबरली होती?" ताईनं विचारलं.

"हो."

"ती? आपल्या आईला पोलीस भ्यायचे."

"खूप घाबरली होती."

ताईनं डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं आणि कानाकडं गेलं. "मग मला बोलावलं कुणी?"

हाच प्रश्न धाकटीला बसमध्ये पडला होता. ती म्हणाली, "मावशीनं."

"लबाड बाई," ताई म्हणाली. मग, "सायकलसुद्धा घातली मेलीनं." तिच्या छातीत हसू हललं, आणि धाकटी धाप लागेल म्हणून घाबरून उठली. पण ताईनं कठड्यातून हात बाहेर काढला होता. "बस. आले नसते तर तुझा गुंता कुणी सोडवला असता? हात दे. नाही, असा नको, घट्ट." तिची बोटं आईच्या पायाइतकीच गार होती. "म्हणजे तीही," ती म्हणाली. "मला वाटलं मीच एकटी."

त्यानंतर कुठल्याच दुपारी ताईनं पुन्हा ती गोष्ट मागितली नाही. ती घाबरतच राहिली, पण घाबरले म्हणून सांगायची, आणि धाकटी म्हणायची, मीही. शेजारची म्हातारी एकदा घोरणं थांबवून म्हणाली, "आणि मी काय मजेत आहे होय?"

शेवटी धाकटीचा हात ताईच्या हातात होता. ताईचा हात सैल झाला तरी धाकटीनं तो लगेच सोडला नाही. बाहेर दादा धापा टाकत वर येत होता. व्हरांड्याच्या टोकाशी त्यानं तिला गाठलं आणि रडत विचारलं, "काही म्हणाली का?"

ती गप्प राहू शकत होती. गुडघ्यांवर तिला तो जुना गार भार जाणवला. "भीती वाटतेय म्हणाली," ती म्हणाली. "जाऊ नकोस म्हणाली. मी गेले नाही."

"असं कसं सांगायचं लोकांना?"

"असंच सांगायचं."

दादानं मान डोलावली. पण ती कागदांवर सह्या करून परतली तेव्हा तो खिडकीशी उभा राहून फोनवर मुलाला सांगत होता, "शांत गेली रे. मी उशाशीच होतो. म्हणाली, सगळ्यांना सांभाळा. मग मी जिना चढून आलो, बघतो तर..." तो तिथं अडखळला, वळला आणि धाकटीला बघून फोन छातीशी धरून उभा राहिला. तिनं त्याच्या खांद्याला हात लावला आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

ताई मंगळवारी दुपारी गेली, दादाचा नातू आधार सोडून पहिल्यांदा उभा राहिला त्याच दिवशी.